तंबूला दोन माणसं

आइसलँड,
१४ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतं, "फोन करू नकोस. मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाचं ऐकतो. कागदावर लिही." म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले आहे. झालं की फोटो काढून पाठवीन. तुम्हीही तसंच करा, फक्त फोटोत अंगठा येऊ देऊ नका. मागच्या वेळी 'तब्येत' या शब्दापुढे तुमचा अंगठा होता आणि ती बरी आहे की नाही ते मला कळलंच नाही.

आम्ही सुखरूप पोचलो. विमानतळावरच भाड्याची छोटी गाडी घेतली. मागच्या सीटवर तंबू, झोपायच्या दोन पिशव्या, गॅसची शेगडी आणि तुम्ही बांधून दिलेली शिदोरी. पोलिसांनी तुमचे बेदाणे हुंगून पाहिले आणि सोडून दिले.

नाना, हा देश अजून पुरता निवालेला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळा दगड, नजर जाईल तिथवर. फुगलेला, तडकलेला, आणि त्याच्यावर पोपटी शेवाळाची गादी. त्या शेवाळावर पाय द्यायचा नाही. एकदा दबलं की पुन्हा वर यायला कित्येक वर्षं लागतात, असं पाटीवर लिहिलंय. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. मधेच एखाद्या माळावर जमिनीतून वाफ निघत असते, जणू खाली कुणी चूल पेटवून ठेवली आहे. काल एका धबधब्याच्या मागून चालत गेलो. पाण्याच्या आतल्या बाजूने जग बघितलं. दीपकने माझे फोटो काढले.

सगळं सुंदर आहे, फक्त वास सोसत नाही. गरम झऱ्यांना गंधकाचा वास येतो, नासक्या अंड्यासारखा. अंघोळीच्या गरम पाण्यालाही तोच. मला सकाळ-संध्याकाळ मळमळतं.

दीपक गाडी चालवतो. बोलणं कमी आहे. ऑफिसचा ताण इथवर बरोबर आलाय बहुतेक. तुम्हीच म्हणाला होतात ना, चार दिवस मोकळ्या रानात फिरलं की माणूस सैल होतो. बघू या. तो तुम्हाला नमस्कार सांगतो.

तुमची सून,
हर्षाली


सायखेडा,
१६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. हर्षालीस,
नानाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र चष्मा लावून वाचलं, पुसून पुन्हा वाचलं. मग शेजारचा भिमाजी आला, त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "नाना, येवढ्या लांब काळा दगुड बघाया गेली व्हय? आपला डोंगर काय वाईट हे?" मी म्हटलं, बाबा, आपलाही दगड तसाच आगीतून आलेला, शाळेत गुरुजींनी शिकवलंय. आपला निवला, त्याची माती झाली, तिच्यात आपण द्राक्षं लावली. त्यांचा अजून गरम आहे. त्यांनी जरा कळ काढावी.

इकडे फवारण्या चालू आहेत. पाऊस येतो न् जातो. संध्याकाळी ओट्यावर बसतो. रस्त्याने जाणारी माणसं माझ्याकडे बघून तोंड हलवतात, मी मान हलवतो. त्यांनी काय विचारलं आणि मी कशाला हो म्हटलं, देव जाणे. परवा अशीच मान हलवली आणि गणपती मंडळाचा अध्यक्ष झालो. तुझी सासू असती तर हसून हसून तिने पदर तोंडात कोंबला असता. ती गेल्यापासून माझ्या फजितीला कुणी हसत नाही गं. फजिती वाया जाते.

दीपकच्या गप्प बसण्याचं मनावर घेऊ नकोस. तो आईवर गेलाय. चतुराबाई माझ्यावर चिडली की आठवडा आठवडा बोलत नसे, पण ताटात भाकरी तव्यावरची पडायची. त्यावरून मी ओळखायचो, अजून आपलं आहे. तूही तसलं काहीतरी बघून ठेव.

आणखी एक. हे बायकांनी विचारायचं बोलणं, पण घरात दुसरं आहे कोण? मळमळ नुसती त्या वासानेच होते का? आंबट खावंसं वाटतं का? दवाखान्यातले उपाय दोनदा फसले म्हणून काय झालं, देवाला दवाखाना विचारावा लागत नाही. मी काही म्हणत नाही. नुसतं विचारतो.

तुझा सासरा,
नाना


आइसलँड,
१९ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

अध्यक्षांचं अभिनंदन. मी इथे तंबूत एकटीच मोठ्याने हसले.

आंबटाचं म्हणाल तर लिंबाच्या लोणच्याशिवाय सध्या काही घशाखाली उतरत नाही. इथे एक काळा पाव मिळतो. पिठाचा डबा गरम जमिनीत पुरून ठेवतात, दुसऱ्या दिवशी उकरून काढतात. चूल नाही, धूर नाही. त्या पावाला लोणचं लावून खाते. पण नाना, तुम्ही मनात काही आणू नका.

वारा फार आहे. गाडी देतानाच त्यांनी बजावलं होतं, दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, नाहीतर वारा बिजागरीसकट घेऊन जाईल. काल तंबू लावताना तर माझी परीक्षाच होती. या बाजूची खुंटी ठोकावी तर त्या बाजूचं कापड उडून डोक्यावर. शेवटी मी त्याच्यावर आडवी पडले आणि सरपटत सरपटत एकेक खुंटी ठोकली. जमलं.

कॅम्पच्या स्वयंपाकघरात एक फळी असते. परत निघालेली माणसं उरलेलं तेल, तांदूळ, मीठ त्या फळीवर ठेवून जातात आणि नवी येणारी ते घेतात. कोणी कोणाला ओळखत नाही. मी तुमचे थोडे बेदाणे ठेवले. सकाळी एक म्हातारं जोडपं ते खात बसलं होतं. ती वाटीतून वेचून त्याच्या हातावर ठेवत होती आणि तो पुस्तक वाचता वाचता न बघता तोंडात टाकत होता. मला तिथे बसवेना. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आज काळ्या वाळूचा समुद्रकिनारा बघितला. लाटा पांढऱ्या, वाळू कोळशासारखी. माणसं लांब लांब उभी होती, ठिपक्यांएवढी.

आम्ही ठीक आहोत. इकडे नेट नीट मिळत नाही, त्यामुळे दीपकचा मेसेज आला नाही तरी काळजी करू नका.

हर्षाली


सायखेडा,
२२ ऑगस्ट २०२५, पोळा

चि. सौ. हर्षालीस,
उदंड आशीर्वाद.

"मनात आणू नका" म्हणालीस. आता आलं त्याला मी काय करू? लिंबाचं लोणचं म्हटल्यावर मला बसवेना. काठी घेतली आणि थेट लंकाबाईकडे गेलो. दीपकची आत्या म्हणून तिचा हक्कच आहे. तिला पत्र वाचून दाखवलं. तिने कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "दादा, आता कुनाला सांगू नको बरं का, तीन महिने व्हऊ दे." एवढं बोलून ती स्वतःच बाहेर गेली आणि गल्लीला सांगून आली.

चतुराबाईचं मऊ झालेलं लुगडं मी ट्रंकेतून काढून दिलं आहे. त्याचं दुपटं शिवायला घेतलंय लंकाबाईने. तिचे टाके बारीक, डोळे अधू, त्यामुळे दिवसभर सुईत दोरा ओवायला मला बसवते.

आज पोळा. आपल्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टरलाच हार घातला आणि पुरणाचा घास दाखवला. भिमाजी म्हणाला, "खात नाय तर मला द्या." दिला. घरात पुरणपोळी केली ती लंकाबाईने पाठवलेल्या पुरणाची. एक तुटली, एक जळाली. तरी खाल्ली, आनंद होता ना.

आता रागावतो. तंबू तू एकटी का लावतेस? अवकाळी आली की आपण बागेवर प्लास्टिक टाकतो ते आठव. वाऱ्यात त्या कागदाला दोन टोकांना दोन माणसं लागतातच. एकाने टाकला तर कागद तरी जातो नाहीतर माणूस तरी. तू खुंट्या ठोकत होतीस तेव्हा माझा लेक काय करत होता? फोटो काढत होता का? त्याला हे पत्र दाखव. म्हणावं, या दिवसांत बाईमाणसाला असलं काम करू देऊ नये, एवढंही कळत नाही का. आणि त्या वासाच्या पाण्याजवळ जाऊ नकोस.

घर पुन्हा भरणार असं वाटायला लागलंय. म्हातारपणी माणसाने फार आशा धरू नये म्हणतात. पण फुकटची वस्तू कोण सोडतो?

तुझा,
नाना


आइसलँड,
२४ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

दुपटं शिवायला सांगू नका, नाना. तसं काही नाही. मळमळ वासाचीच होती, आणि नंतर वासाचीही नव्हती. लोणचं खात होते कारण दुसरं काही शिजवावंसंच वाटत नव्हतं. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहायला हवं होतं. पण तुम्ही विचारलंत ते इतकं जपून विचारलंत की मला 'नाही' म्हणवेना.

तंबूचं तुम्ही बरोबर ओळखलंत. दीपक इथे नाही. माझं पहिलं पत्र तुम्हाला मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीच तो गेला.

आम्ही एका सरोवराकाठी होतो. सभोवती जुन्या ज्वालामुखीची तोंडं, आत गवत उगवलेली. चहा करत होतो. तो म्हणाला, "हर्षाली, मला यापुढे एकटं राहायचं आहे." मी विचारलं, दुसरं कोणी आहे का. तो म्हणाला, "कोणी नाही. तुझ्याकडे बघितलं की मला दवाखाना आठवतो. मी वाईट माणूस नाही, पण मला हे रोज आठवायचं नाही." नाना, तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. त्याचा आवाज इतका दमलेला होता की मला त्याचीच कीव आली, आणि नंतर स्वतःची. संध्याकाळच्या बसने तो विमानतळाच्या गावी गेला. आता नाशिकला पोचला असेल. तुम्हाला अजून सांगितलेलं नसणार.

मी का थांबले हे मलाही नीट सांगता येत नाही. परतीचं तिकीट नंतरचं होतं हे एक कारण. आणि परत यायचं म्हणजे कुठे? फ्लॅट त्याचा. सटाण्याच्या घराला बाबा गेल्यापासून काकांचं कुलूप आहे. आई मला आठवतही नाही. भाऊ नाही. इथे निदान सगळेच परके आहेत, त्यामुळे कोणी परकं वाटत नाही.

दिवसभर गाडी चालवते. एकटी माणसं इथे बरीच फिरतात, पण ती ठरवून एकटी आलेली असतात. मी दोघांची येऊन एकटी झाले. दुसरी झोपायची पिशवी मी उघडून माझ्या पिशवीवर अंथरते. थंडी कमी होते, बाकी काही नाही.

सुंदर काही दिसलं की मान वळते. हिमनदीचे तुकडे समुद्रात तरंगत जाताना बघितले, निळे, आतून दिवा लावल्यासारखे. "बघ ना" असं तोंडातून निघालं. शेजारी कोणी नव्हतं.

पत्राखाली 'तुमची सून' लिहायला गेले आणि हात थांबला. आता मी तुमची कोण हे मला माहीत नाही. लग्न झालं तेव्हा मला नवरा मिळाला याच्यापेक्षा घरात कोणी मोठं माणूस मिळालं याचा आनंद जास्त होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. नवरा गेला ते मी सोसेन. तुम्हीही गेलात तर काय करायचं ते मला सुचत नाही. म्हणून लाज सोडून विचारते, तुम्ही मला पत्र लिहीत राहाल का?

लंकाआत्यांना माझ्याकडून माफी सांगा.

हर्षाली


नाशिक,
१४ सप्टेंबर २०२५

ती. नानांस,
नमस्कार.

मी परत आले. इंदिरानगरला एक खोली घेतली आहे. शाळेतली नोकरी आहेच, त्यामुळे दिवस निघून जातो. फ्लॅटमधलं माझं सामान मी आणलं. सासूबाईंच्या पाटल्या दीपककडे दिल्या आहेत, त्या तुमच्यापर्यंत पोचल्या असतील. त्या तुमच्या घरच्या, मी ठेवून घेणं बरं दिसत नाही.

तुमचं पत्र आलं नाही. फोटोवर दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे तुम्ही वाचलंय. मी रागावले नाही. दीपक तुमचा मुलगा आहे. माझ्या बाबांनीही त्या जागी माझीच बाजू घेतली असती. कुणीतरी आपली बाजू घेणारं असावं, त्याला आहे हे चांगलंच आहे.

मागच्या रविवारी मी बसस्टँडवर गेले होते. सायखेड्याची गाडी लागलेली होती. आत जाऊन बसले. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा मला वाटलं, ओट्यावर मला बघून तुम्ही नुसती मान हलवलीत तर? सगळ्यांना हलवता तशी. मी उतरले. परत येऊन खोलीत भात लावला.

आइसलँडला माणूस दिसत नव्हतं म्हणून एकटं वाटायचं. इथे समोरच्या गॅलरीत माणसं आहेत, खाली भाजीवाला आहे, शाळेत पोरं आहेत, आणि तुम्ही तासाभराच्या वाटेवर आहात. इथलं एकटेपण जड आहे.

हे शेवटचं पत्र. तुम्हाला उत्तर द्यायच्या पेचात टाकत नाही. फवारणी करताना तोंडाला फडकं बांधत जा.

हर्षाली


सायखेडा,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

रागावून वाच, पण वाच.

दीपक ऑगस्टच्या अखेरीस घरी आला. ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं म्हणून माझ्यासमोर बसून त्याने कागदावर लिहिलं, "नाना, आमचं संपलं. तिला पत्र लिहू नका. तुम्ही लिहीत राहिलात तर तीही अडकेल आणि मीही." मी मान हलवली. या वेळी प्रश्न कळून हलवली, हे वाईट.

एकुलता एक आहे. आणि खरं सांगतो, तो दीड महिना इथेच राहिला, इथूनच कामाला जायचा. संध्याकाळी घरात दोन ताटं वाढली जात होती. मला ते बरं वाटत होतं. तू कुठे जेवत असशील हे मनात आलं की मी उठून बागेत जायचो. सगळी बाग पालथी घातली तरी ते मनातून जाईना. तू बसमधून उतरल्याचं वाचलं त्या दिवशी तर माझा घास ताटातच राहिला. दीपकने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, दात.

परवा लंकाबाई आली. दिवाळीला तिच्या लेकी यायच्या आहेत, त्यांना काय घ्यायचं ते विचारत होती. मी बागेत जायला उठलो. तिला काय कळायचं ते कळलं. माझ्या कानाशी तोंड आणून ती अशी ओरडली की निम्म्या गल्लीने ऐकलं असेल, "दादा, पोराचं त्येचं त्यो बघंल. सोडचिठ्ठी सुनंला आसती. लेकीला कुठं सोडचिठ्ठी आसती का? तिचा बाप गेला तवा तिच्या डोक्यावर हात कुनी ठिवला व्हता? तूच ना?"

कान गेल्यापासून इतकं स्वच्छ मी काही ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दीपकला समोर बसवलं. म्हटलं, तू माझा मुलगा आहेस, त्यात कुणी वाटा मागत नाही. तुमचं तुटलं ते तुमचं. जोड म्हणून मी तुझ्या मागे लागणार नाही. पण तिचं आणि माझं भांडण झालेलं नाही, आणि तुझ्यासाठी मी ते करणार नाही. तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन फ्लॅटवर राहायला गेला. जाताना पाया पडला. दिवाळीला येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. मला ते फार लागलंय, तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्याबद्दलही तो वाकडं बोललेला नाही, हेही तुला कळावं.

पाटल्या माझ्याकडे आहेत. त्यांचं आपण बसून बोलू.

आता कामाचं. छाटणी चालू आहे, मजूर हाताशी आहेत, तरी भिमाजीला बागेत उभा करून मी वसुबारसेला सकाळच्या गाडीने नाशिकला येतो. इंदिरानगरचा पत्ता नीट लिहून पाठव. रिक्षावाला काय विचारेल ते मला ऐकू येणार नाही, कागदच दाखवीन.

सासरा म्हणून येत नाही. मुराळी म्हणून येतोय, लेकीला माहेरी न्यायला. मला लेक नव्हती. लंकाबाईला गावातच दिलेली, ती हाक मारली की यायची. त्यामुळे दिवाळीला कुणाला आणायला जायचा प्रसंग जन्मात आला नाही. वयाची सत्तरी उलटली आणि आता पहिल्यांदा निघालोय, तर रीत चुकू नये म्हणून लंकाबाईला सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, मुराळ्याने आधी पोरीच्या सासरी वडीलधाऱ्या माणसापुढे बसायचं आणि विचारायचं, पोरीला दिवाळीला नेऊ का? त्या माणसाने थोडे आढेवेढे घ्यायचे, मग हो म्हणायचं. त्याशिवाय पोरीला उंबरा ओलांडता येत नाही.

तुझ्या सासरी वडीलधारा म्हणजे मीच. म्हणून आज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून मी ओट्यावर बसलो आणि मीच मला विचारलं. थोडे आढेवेढे घेतले. मग हो म्हटलं.

पिशवी भरून ठेव.

नाना